नळाचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या मीटिंगमध्ये, ग्रामसभेत आणि घरात पाहुणे आले की पाण्याबद्दल जे प्रश्न फिरून फिरून निघतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या परिस्थितीला धरून आहेत. मर्यादेचे आकडे भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस १०५००' या पिण्याच्या पाण्याच्या मानकातले आहेत.

नळाचं पाणी थेट प्यायलं तर चालतं का?

शहराचं नाव सांगून याचं उत्तर देता येत नाही, नळ पाहावा लागतो. धरणाचं पाणी शुद्धीकरण केंद्रात येतं, तिथे तुरटीसारखं रसायन टाकून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. केंद्रातून बाहेर पडताना ते सहसा चांगलं असतं. बिघडतं ते पुढच्या वाटेत आणि आपल्या टाकीत.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांमधल्या नळांचे नमुने तपासून घेतले. मुंबईचे दहाच्या दहा नमुने मानकात बसले आणि दिल्लीचे सगळे नापास झाले. मुंबईकरांना त्याचा अभिमान वाटावा हे बरोबरच आहे. पण दहा नमुने म्हणजे दहा नळ. त्याच मुंबईत एखाद्या चाळीची जोडणी फुटक्या गटारातून आली असेल, तर भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात कितीही चोख काम झालं तरी त्या चाळीला उपयोग नाही. तुमच्याकडे पाणी पूर्ण दाबाने येत असेल, टाकी वेळच्या वेळी धुतली जात असेल आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन सापडत असेल, तर ते पाणी पिण्याजोगं आहे. यातलं एक जरी नसेल तर उकळून घ्या, आणि पावसाळ्यात तर नक्कीच.

वाटेत पाणी बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं?

आपल्याकडच्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून एक-दोन तास येतं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा येतं. बाकीचा वेळ लाइन रिकामी असते. भरलेल्या लाइनीत आतून बाहेर दाब असतो, त्यामुळे तडा असला तर पाणी बाहेर गळतं. ते वाया जातं, पण आतलं पाणी शुद्ध राहतं. लाइन रिकामी झाली की दाब उतरतो आणि त्याच तड्यातून बाहेरची ओल आत ओढली जाते. बाहेर स्वच्छ माती असेल तर फार बिघडत नाही. पण जुन्या वस्त्यांमध्ये पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एकाच चरात, कधी एकावर एक टाकलेली असतात. घरगुती जोडणीचा पाइप उघड्या गटारातून आलेलाही तुम्ही पाहिला असेल.

यात भर पडते ती थेट लाइनला लावलेल्या मोटारींची. पाणी कमी दाबाने येतं म्हणून एक घर मोटर लावतं, मग शेजारी लावतो, मग सगळी गल्ली. मोटर लाइनमधून पाणी खेचते तेव्हा पुढच्या भागात पोकळी तयार होते आणि गळतीच्या जागी गटाराचं पाणी आत शिरतं. मोटर लावणाऱ्याला चार बादल्या जास्त मिळतात, पण घाण सगळ्या गल्लीच्या घरांत जाते. म्हणूनच ती बेकायदा आहे, आणि पाणीचोरीपेक्षाही हे कारण मला मोठं वाटतं.

पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं जे पाणी येतं त्यात ही आत शिरलेली घाण सगळ्यात जास्त असते. ते पिण्यासाठी भरू नका, सांडायच्या कामाला वापरा.

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलं. अशा योजनेबद्दल बोलताना सोयीचीच चर्चा होते. खरा फायदा आरोग्याचा आहे, कारण लाइन कधी रिकामीच होत नाही.

२०२५ मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली, ती पाण्यामुळेच का?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गिया-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकदम वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. हातापायांतली ताकद जाते आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो. बऱ्याचदा आधी जुलाबाचा संसर्ग झालेला असतो. पुण्यातल्या अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात 'कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी' हा जीवाणू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस. हा जीवाणू दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या कोंबडीच्या मांसातून पसरतो. त्याचा संसर्ग झालेल्यांपैकी फारच थोड्यांना जीबीएस होतो, पण हजारोंच्या पोटात एकदम गेला की ते थोडेही पुष्कळ होतात.

यातली काही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. पत्ता शहराचा झाला, पण पाणी गाळण्याची व्यवस्था शहराची झाली नव्हती. पाणी विहिरीत घेऊन, त्यात क्लोरीन टाकून पुढे सोडलं जात होतं. तपासणीत काही नळांवर क्लोरीन शून्य निघाला. लोक ज्या खाजगी आरओ प्रकल्पांकडे विश्वासाने वळले होते, त्यांतल्या काहींचं पाणीही दूषित निघालं आणि महापालिकेला ते बंद करावे लागले. शहरांच्या हद्दी वाढताना गाळण केंद्र मागाहून येतं आणि इमारती आधी. हा क्रम बदलल्याशिवाय अशा साथी थांबायच्या नाहीत.

पाण्यात क्लोरीन किती असायला हवा?

नळाशी, म्हणजे ग्राहकाच्या टोकाला, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेला असावा. विषाणूंपासून बचाव करायचा असेल, म्हणजे साथीच्या दिवसांत, किमान ०.५. केंद्रात किती टाकला याला आपल्या दृष्टीने अर्थ नाही, शेवटच्या घरात किती उरला हे बघायचं. वाटेत घाण शिरली की क्लोरीन तिच्याशी लढण्यात संपतो. त्यामुळे नळाशी क्लोरीन शून्य येणं हाच पहिला इशारा असतो, आणि तो जुलाबाच्या साथीच्या आधी मिळतो.

ही तपासणी गावातला जलसुरक्षक ग्रामपंचायतीच्या नळाशी दोन मिनिटांत करतो. तिला ओटी टेस्ट म्हणतात. क्लोरोस्कोपच्या काचनळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकायचे आणि हलवून रंग बघायचा. पिवळा आला तर क्लोरीन आहे, जितका गडद तितका जास्त. शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. मुक्त क्लोरीन मोजायचा असेल तर पहिल्या दहा सेकंदांतच वाचावं लागतं, नंतर रंग वाढत जातो आणि आकडा फसवा येतो. पाणी कोरं राहिलं तर क्लोरीन नाही. हे द्रावण विषारी आहे, हाताला लागू देऊ नये आणि तपासलेलं पाणी प्यायच्या भांड्यात परत ओतू नये. शहरात डीपीडी गोळ्यांची किट मिळतात, त्यात रंग गुलाबी येतो. सोसायटीने असं एक किट घेऊन ठेवावं, त्याचा खर्च सगळ्यांत वाटला तर नगण्य आहे.

क्लोरीनचा उग्र वास येतो. त्याने कॅन्सर होतो असं ऐकलं.

वासासाठी पाणी स्वच्छ पातेल्यात जाळीदार झाकणाखाली काही तास ठेवा, वास उडून जातो. कॅन्सरच्या बोलण्यामागे थोडं तथ्य आहे. पाण्यात पालापाचोळ्याचा, शेवाळाचा अंश असेल तर क्लोरीनशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन गटातली रसायनं तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यांपैकीच. मानकात त्यांना मर्यादा घालून दिल्या आहेत. मात्र हा धोका अनेक वर्षांनी, अगदी लहान प्रमाणात संभवतो. बिनक्लोरीनच्या पाण्याचा धोका याच आठवड्यातला असतो, आणि तो लहान मुलांना आधी गाठतो. क्लोरीन बंद करा अशी मागणी कोणी करत असेल तर तिला ठामपणे विरोध करा.

टीडीएस किती असला म्हणजे पाणी चांगलं?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत उत्तम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. त्यावरून चव कळते, क्षार चढतील का ते कळतं. पाणी सुरक्षित आहे का, हे त्यावरून कळत नाही. टीडीएसच्या मीटरला कॉलऱ्याचा जंतू दिसत नाही, काविळीचा विषाणू दिसत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस १५० येऊ शकतो.

दारावर येणारा विक्रेता एक प्रयोग दाखवतो. नळाच्या पाण्याच्या ग्लासात आणि आरओच्या पाण्याच्या ग्लासात दोन-दोन सळया बुडवून वीज सोडतो. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी होतं, त्यात गाळ तरंगू लागतो आणि घरातली मंडळी घाबरतात. तो गाळ पाण्यातला नसतोच. सळई लोखंडाची असते, विजेने तिचंच लोखंड सुटून गंजाच्या रूपात पाण्यात येतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते कोरं राहतं. पुन्हा कोणी आलं तर त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा, तेही तितकंच तपकिरी होईल.

मग आरओ घ्यावा की नाही?

मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी येतं. ते मुळातच मऊ, कमी क्षारांचं. तिथे आरओ लावणं म्हणजे चांगल्या पाण्यातले क्षार काढून टाकणं आणि एक लिटरसाठी बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडणं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५०० पेक्षा कमी असलेल्या भागांत आरओवर बंदी आणायला केंद्राला सांगितलं होतं, ते याच कारणाने. अशा ठिकाणी साधं गाळणं आणि यूव्ही दिवा पुरतो, किंवा गाळून उकळणं. यूव्ही गढूळ पाण्यात नीट चालत नाही, तेव्हा आधी गाळण हवंच.

बोअरचं खारं पाणी, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक या गोष्टी असतील तर आरओची खरी गरज आहे, आणि तिथे तो घ्यावा. म्हणजे आधी पाणी तपासा, मग यंत्र ठरवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. एक लक्षात ठेवा: यंत्रातून आलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. यंत्राची साठवण टाकी अस्वच्छ असेल तर त्यात जंतू निर्धास्त वाढतात.

जारचं पाणी सुरक्षित असतं का?

सीलबंद बाटलीसाठी वेगळं मानक आहे, 'आयएस १४५४३', आणि तिच्यावर सहसा त्याचा उल्लेख असतो. लग्नात, ऑफिसात आणि गावोगावी येणारे थंड पाण्याचे वीस लिटरचे जार बहुतेक या चौकटीच्या बाहेरचे असतात. पाणी कुठलं, जार कशाने धुतला, तपासणी कधी झाली हे कुणी लिहून देत नाही. थंडगार लागतं म्हणून ते शुद्ध वाटतं, एवढंच. प्रकल्पवाल्याकडे जंतू तपासणीचा अहवाल मागा. जो दाखवेल त्याच्याकडून घ्या.

पाणी किती वेळ उकळायचं?

खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट. दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटं सांगतात, पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचं आहे, त्यामुळे महाराष्ट्रात कुणालाही एक मिनिट पुरे. वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा. हंड्यात ओतून मग हात बुडवून पेला भरला तर उकळणं वाया गेलं. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ वापरा.

उकळल्याने जंतू, विषाणू, जंतांची अंडी, आणि क्लोरीनलाही न जुमानणारे जिआर्डियासारखे परजीवी मरतात. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट मात्र जात नाहीत. उलट पाणी आटल्याने थोडे घट्टच होतात.

तुरटी, फडकं, तांब्याचं भांडं यांचा किती उपयोग?

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. शेवग्याच्या बियांची पूडही हेच काम करते. गाळ बसवला की क्लोरीन आणि उकळणं दोन्ही चांगलं लागू पडतं, म्हणून तुरटी ही पहिली पायरी समजावी.

फडक्याला मात्र कमी लेखू नका. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने नारू पाहिला आहे. पायातून हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा. पायऱ्यांच्या विहिरीतल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक पाणपिसवांमधून तो पोटात जायचा, आणि त्या पाणपिसवा कापडात अडकतात. पाणी गाळणं, विहिरींच्या पायऱ्या बंद करणं, हातपंप बसवणं एवढ्यावर २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बांगलादेशात जुन्या सुती साडीची चार पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्यावर आला. काविळीचा विषाणू मात्र कुठल्याच कापडाने अडत नाही.

तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवल्यास काही जीवाणू मरतात. चांगल्या पाण्यासाठी ते भांडं छान आहे. दूषित पाण्यासाठी त्यावर विसंबू नये.

कावीळ पाण्यातून कशी होते?

हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू शौचातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचा सांडपाण्याने भरलेला प्रवाह पाणीपुरवठ्याच्या उपशापर्यंत आला आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या सहभागाने त्या साथीचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले, तेव्हा हा वेगळाच विषाणू असल्याचं पुढे आलं. त्यालाच आज हिपॅटायटिस ई म्हणतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली.

घरात गरोदर बाई असेल तर याची खास काळजी घ्या. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. तिचं पाणी बारा महिने उकळूनच द्या.

पाण्याचा रंग किंवा वास बदलला तर काय समजावं?

दुधासारखं पांढरं येऊन तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे. तांबूस असेल तर जुन्या लोखंडी पाइपचा गंज. बोअरचं पाणी भरताना स्वच्छ आणि तासाभराने लाल होत असेल तर मुळातच लोह आहे, कोकणात जांभ्या दगडाच्या भागात हे नेहमीचं. त्याने कपड्यांवर डाग पडतात, चव लोखंडी लागते. मातकट वास उन्हाळ्यात धरणातल्या शेवाळामुळे येतो. किटलीत पांढरी पुटं म्हणजे कॅल्शियमचे क्षार, मूतखड्याची भीती त्यावरून धरू नये. पण नळाच्या पाण्याला गटाराचा वास आला, फेस आला किंवा अचानक काळपट गढूळ आलं, तर तो थेंब कुणाच्याही तोंडी लागू देऊ नका आणि लगेच तक्रार करा.

आमच्या बोअरचं पाणी नितळ आहे. तरी तपासायचं?

हो, आणि तेही मुलं लहान असतानाच. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधला किनवटचा भाग इथल्या खडकांतून ते खोल बोअरच्या पाण्यात उतरतं. १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, फार तर १.५. त्याहून जास्त असलेलं पाणी रोज पोटात गेलं तर सात-आठ वर्षांखालच्या मुलांच्या घडत असलेल्या पक्क्या दातांवर परिणाम होतो. आधी खडूसारखे पांढरे ठिपके, पुढे तपकिरी आडव्या रेघा, घासून न जाणाऱ्या. या मुलांना शाळेत दात घासत नाही म्हणून बोलणी बसतात. बोअर तपासायचं सोडून मुलाला दोष दिला जातो, हे पाहून जीव तुटतो. प्रमाण खूप जास्त असेल तर अनेक वर्षांनी सांधे आखडतात, पाठ वाकते, आणि ते परत सरळ होत नाही.

उपाय आहेत. उथळ विहिरीत फ्लोराइड बहुधा कमी असतं, तेव्हा पिण्यापुरती ती विहीर तपासून, क्लोरीन देऊन वापरावी. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची पद्धत बसवली, ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. तिच्यात तुरटीचं प्रमाण त्या-त्या पाण्याप्रमाणे ठरवावं लागतं, अंदाजाने टाकून चालत नाही.

नायट्रेटचं काय?

४५ मिलिग्रॅमच्या वर ते चालवूनच घेत नाहीत, इथे सवलत नाही. शेतात टाकलेला युरिया, विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्याचं पाणी आणि संडासाचा शोषखड्डा ही त्याची उगमस्थानं. विदर्भ-मराठवाड्याच्या बऱ्याच भागात भूजलात ते मर्यादेच्या वर सापडतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला असं पाणी वरच्या दुधात मिसळून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. असं दिसलं तर थेट दवाखाना गाठा. उकळून उपयोग नाही. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा.

खारपाणपट्ट्यात काय करावं?

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं भूजलच खारं आहे. पिढ्यानपिढ्या लोक मूतखड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी सांगत आले आहेत. इथे घरगुती उपायाने भागत नाही, धरणाचं पाणीच गावापर्यंत यायला हवं. तोवर पिण्यापुरता आरओ आणि छपरावरच्या पावसाची टाकी.

शिसं आणि आर्सेनिक?

दोन्हींची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम. आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगेच्या खोऱ्यातला, आपल्याकडचा नाही. शिसं जुन्या जोडण्यांतून, पितळी तोट्यांतून आणि हलक्या पीव्हीसी पाइपमधून येऊ शकतं. रात्रभर तुंबलेलं पहिलं पाणी झाडांना घाला, आणि गिझरचं गरम पाणी स्वयंपाकाला वापरू नका.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची?

हजार लिटरला ५ ग्रॅम. गोल विहिरीचं पाणी असं काढा: त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला हजाराने गुणा. विहिरीचा व्यास चार मीटर आणि पाणी तीन मीटर असेल तर २ × २ × ३.१४ × ३, म्हणजे ३७,६८० लिटर. त्याला १८८ ग्रॅम पावडर लागेल.

पावडर तशीच विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून घ्या, बादली भरा, दहा मिनिटं चुना तळाशी बसू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढून ती दोराने विहिरीत सोडा आणि वरखाली हलवा. तळाचा चुना बाहेरच टाका. तासभर उपसा बंद ठेवून मग ओटी टेस्ट घ्या. रंग आला नाही तर पुन्हा टाका. पावडरीत क्लोरीन २० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर ती वापरण्यात अर्थ नाही. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यातला क्लोरीन कधीच उडून गेलेला असतो. साठा तपासून घेण्याची सोय प्रयोगशाळेत आहे.

ग्रामपंचायतीला लाल किंवा हिरवं कार्ड मिळतं, त्याचा अर्थ काय?

आरोग्य विभाग वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण करतो. स्रोताभोवती घाण, गळती, टीसीएलचा साठा, साथीचा इतिहास हे पाहून कार्ड देतात. जोखीम जास्त तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. आपल्या गावाचं कार्ड कुठलं, हे ग्रामसभेत विचारा. लाल असेल तर कोणत्या त्रुटींमुळे, ती यादीही वाचून दाखवायला सांगा.

सोसायटीच्या टाकीची काळजी कशी घ्यायची?

सहा महिन्यांतून एकदा दोन्ही टाक्या रिकाम्या करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुवायच्या, आणि एक धुणं पावसाळ्यानंतर यावं. खालची टाकी ड्रेनेजच्या चेंबरपासून किती लांब आहे ते जाऊन बघा. कित्येक जुन्या इमारतींत दोघांत एक भिंत असते, आणि चेंबर तुंबलं की टाकीच्या भिंतीवर ओल दिसते. ही ओल दिसली की टाकी धुऊन भागणार नाही, चेंबर हलवावं लागेल. झाकण जमिनीच्या वर उचललेलं आणि कुलपाचं हवं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवी. टँकरचं पाणी घेत असाल तर दर टँकरला क्लोरीन तपासा.

पाणी तपासायला कुठे आणि कसं द्यायचं?

शहरात महापालिकेची प्रयोगशाळा, जिल्ह्याला सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा. रासायनिक तपासणीला स्वच्छ कॅन चालतो, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या. जंतू तपासणीला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली लागते. तिच्यात क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. नळाची तोटी पुसून, लायटरने शेकून, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकणाच्या आत बोट न लावता बाटली भरा, वर थोडी जागा सोडा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. अहवालात पहिली ओळ ई-कोलाय या आतड्यातल्या जीवाणूची वाचा. १०० मिलिलिटरमध्ये तो अजिबात नसावा.

खेड्यात जंतू तपासायला एच टू एस व्हायल नावाची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, पाणी काळं झालं तर ते दूषित.

दूषित पाण्याची तक्रार कशी करावी?

एकट्याने करू नका. शेजारच्या दहा घरांत विचारा, कुणाकडे पाणी गढूळ आलं, कुणाला जुलाब झाले, कोणत्या घरापासून सुरुवात झाली. या माहितीवरून गळतीची जागा शोधायला लाइनमनला सोपं जातं. पहिलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तारीख-वेळ लिहून ठेवा. वॉर्ड ऑफिसला लेखी द्या आणि पोच घ्या. नमुना रस्त्यावरच्या मुख्य लाइनवर न घेता तुमच्या नळाशी घ्यायला सांगा, कारण दोष बहुतेक या दोन्हींच्या मधल्या भागात असतो. क्लोरीन आणि जंतू, दोन्ही अहवाल लेखी मागा. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज करा. एकाच गल्लीत जुलाबाचे दोन-तीन रुग्ण दिसले तर जवळच्या आरोग्य केंद्रालाही त्याच दिवशी कळवा. त्यांची यंत्रणा पाणी विभागापेक्षा लवकर हलते. दुरुस्ती झाली असं सांगण्यात आल्यावर लाइन धुऊन पुन्हा नमुना घ्यायला लावा, आणि तो अहवाल चांगला येईपर्यंत उकळलेलंच प्या.